पियानोच्या ढिल्या खुंट्या
ये गं पोरी, अशी जवळ सरक. किती दिवसांत फिरकली नाहीस! आज लाकूड चिकटवायच्या सरसाचा वास आला आणि देवळालीच्या पियानोवाल्या बाई आठवल्या. त्यांच्या पियानोत तारा ताणणाऱ्या खुंट्या लाकडात ढिल्या झालेल्या, सूर टिकेना, म्हणून दुरुस्तीला मला बोलावलं. भोकं बुजवून नवी पाडायची सोडून मी आळसानं खुंट्या हातोडीनं आत ठोकल्या, तर लाकूड उभं तडकलं. बाई धावत आल्या. मी म्हटलं, “खिडकीतल्या उन्हानं वाळलंय हो.” “अगंबाई, खिडकीशी मीच ठेवला!” त्या रडवेल्या झाल्या. शिकवण्या बंद पडल्या त्यांच्या. अजून भेटल्या की म्हणतात, “तुमची मेहनत मी वाया घालवली.” पुन्हा लवकर ये गं, मिळून जाऊ; खरं सांगायला त्यांच्याकडे एकटीनं जायचा धीर होत नाही.