न खेळणारा पाहुणा

चष्म्याच्या दुकानात काचा घासून पोट भरणाऱ्या या माणसाला सगळे खटपट्या म्हणत, आणि ते नाव त्याने इमानेइतबारे सार्थ केलं होतं. घरातला एकही पंखा त्याने उघडून बघितल्याशिवाय सोडला नव्हता. चपलांच्या कपाटावर त्याचा बॅटरी मेलेला जुना लॅपटॉप दिवसभर घुरघुरत असायचा, आणि त्याच्यावरून खटपट्या स्वतःची वेबसाइट चालवायचा. लोकांच्या साइट मोठमोठ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालतात, याची चालायची चपलांच्या डोक्यावर! वीज गेली की साइट गेली, बायकोने झाडताना वायर ओढली की साइट गेली. साइटवर काय, तर लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचे तसले व्हिडिओ गेम. ठोकळ्यांचे रणगाडे, ठोकळ्यांची विमानं आणि पिपाणीसारखे आवाज.

"कोण येतं हो तिथे?" बायको विचारायची.

"येतात की! हौशे, नवशे, गवशे."

खरं तर खेळापेक्षा कोण येतं हे बघण्यातच त्याला जास्त गोडी. इंटरनेटच्या कुठल्या जोडणीवरून कोणी आलं, काय उघडलं, काय खेळलं, हे सगळं लॅपटॉप टिपून ठेवायचा. त्यात एक पाहुणा अजब होता. रोज सकाळी यायचा, पहिलं पान उघडायचा आणि निघून जायचा. खेळ सुरू करायचं बटण त्याने एकदाही दाबलं नव्हतं.

झालं, खटपट्याच्या डोक्यात भुंगा शिरला. त्याने पानाचा रंग बदलून बघितला. नवा गेम टाकला. पाहुणा ढिम्म! शेवटी त्याने वर ठळक अक्षरांत लिहिलं, "रोज येणारे पाहुणे, कोण आहात? नाव तरी सांगा." पाहुण्याने पान उघडलं आणि नेहमीसारखा मुकाट निघून गेला.

इंटरनेटवर माणसांइतकीच यंत्रंही हिंडत असतात, या दाराला नाक लाव, त्या दाराला नाक लाव. घरून साइट चालवणाऱ्यांचं त्यांच्याशी हाडवैर. हाही त्यातलाच, असं ठरवून खटपट्याने त्याला बंदी घातली. नुसती बंदी घालेल तर तो खटपट्या कसला? आता त्या पाहुण्याला खेळांऐवजी दिसणार होतं, "चल, फूट इथून! खेळायचं नाही, बोलायचं नाही, मग येतोस कशाला?" लिहून झाल्यावर तो स्वतःशीच खूप हसला.

दुसऱ्या सकाळी पाहुणा आला. त्यानंतर मात्र फिरकलाच नाही. खटपट्याला हेच खटकलं. यंत्राला कुठली लाज? हाकललं तरी ते पुन्हा पुन्हा येतं. हे एकदा वाचून गप्प कसं बसलं?

दोन-चार दिवसांनी दुकानात ताईचा फोन आला.

"तू बाबांना काय बोललास रे?"

"मी? कितीतरी दिवसांत आमचं बोलणंच नाही."

"दारातून हाकललंस म्हणतात. धड जेवत नाहीत. तुझी ती गेमची साइट मीच त्यांच्या कॉम्प्युटरवर लावून दिली होती. रोज सकाळी बघायचे."

म्हणजे तो रोजचा पाहुणा बाबाच! हातातली काच तशीच ठेवून तो बाबांकडे पळाला. आई गेल्यापासून बाबा एकटेच राहत.

"अरे, रागावलो नाही मी," बाबा म्हणाले. "तुझंही बरोबर आहे. खेळत तर नव्हतो, नुसती गर्दी."

"पण मग यायचात कशाला?"

"तूच म्हणाला होतास ना, घरची वीज गेली की सगळं बंद? मग पान उघडलं की समजायचं, दिवे आहेत, सगळं ठीक आहे. रोज फोन करून बोलायचं काय?"

"अहो, नाव विचारलं तेव्हा सांगायचं तरी!"

"ते पाहुण्यांना विचारलं होतंस. घरचा माणूस दारात नाव सांगतो का?"

खटपट्याला रडू कोसळलं. त्याने ते लपवलंही नाही. खिशातला फोन काढून त्याने तिथूनच घरच्या लॅपटॉपला हुकूम सोडला आणि बंदी उठवली.

"आता बघा."

बाबांनी चष्मा पुसला, पान उघडलं. ठोकळ्यांचे रणगाडे रांगेत उभे राहिले. शेजारी मुलगा डोळे पुसत बसला होता आणि बाबा मात्र पडदा नीट न्याहाळत होते.

"हं," ते समाधानाने म्हणाले, "बरं आहे तुझ्या घरी सगळं."