रमजानचाचांच्या सीड्या

राजिवड्याचे रमजानचाचा दुकानाची पायरी चढले की माझं डोकं आधीच तापायला लागायचं. राम आळीत माझं कॉम्प्युटरचं छोटं दुकान. साल दोन हजार पाच. बावीस वर्षं मस्कतला क्रेन चालवून आलेला हा माणूस काउंटरवरचा खोका उचलायचा, कानाशी धरून हलवायचा, वास घ्यायचा आणि विचारायचा, "रूपेश, हे सील तू घरी इस्त्री फिरवून चिकटवलंस ना?"

आता याला काय डोंबल उत्तर देणार!

चाचांकडे तीनशेच्या वर सीड्या. कव्वाल्या, गझला, जुनी सिनेमाची गाणी, सगळ्या तिकडून आणलेल्या. खाऱ्या हवेने त्यांचा प्लेअर गंजून बंद पडला, सीड्यांवरही बुरशी दिसायला लागली, म्हणून सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं होतं. पण खरा जीव अडकला होता एकाच सीडीत. चाचा मस्कतला असताना त्यांची बायको, सकिनाचाची, पत्र लिहायची नाही. टेपरेकॉर्डरसमोर बसून कॅसेट भरायची आणि सुट्टी संपवून परत निघालेल्या कुणाबरोबर तरी पाठवायची. तेव्हा राजिवड्यात घरोघरी हेच चालायचं. चाचांनी तिथेच एकाकडून त्या कॅसेटी सीडीवर करून घेतल्या आणि कॅसेटी टाकून दिल्या. चाची जाऊन तीन वर्षं झाली होती. तिचा आवाज आता तेवढाच उरला होता.

मी म्हटलं, "चाचा, सीड्या ठेवून जा. चार दिवसांत सगळं करून देतो."

"आणि बदलल्यास तर?"

"मी कशाला बदलू? मला काय त्या खायच्यात?"

"ते मला काय ठाऊक? घरीच करायचं. सामान दाखव."

महिनाभर नुसतं सामान बघत होते. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरला सीडीचा ड्राइव्ह नव्हता. आतला बसवायचा तर कॉम्प्युटर उघडायला लागणार, आणि उघडला की मी आतलं काहीतरी काढून घेणार. म्हणून बाहेरून जोडायचा ठरला. ऐंशी जीबीची हार्डडिस्क पुरे म्हटलं, तर "मोठी का दाखवत नाहीस? काय गोम आहे?" मोठी दाखवली, तर "गळ्यात मारतोस होय रे!" ड्राइव्हच्या खोक्यावरचा नंबर मस्कतला मुलाला, जिब्रानला, फोन करून वाचून दाखवला. तो म्हणाला, नंबर बरोबर आहे. चाचांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे रोखून बघितलं.

"त्यालाही तूच पढवलंस."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "चाचा, माल अस्सल आहे! डुप्लिकेट निघाला तर दुकानाला कुलूप लावीन!" मी एवढा ओरडलो की शेजारचे दुकानदार बाहेर येऊन हसायला लागले.

शेवटी एकदाचा ड्राइव्ह घेतला. जोडायला मी त्यांच्या घरी गेलो. गाण्यांच्या वीसेक सीड्या सुरळीत उतरल्या. चाचा खुर्ची ओढून माझ्या हातांवर डोळे लावून बसलेले. मग उठले, कपाटातून रुमालात गुंडाळलेली ती सीडी काढली आणि स्वतःच ड्राइव्हमध्ये ठेवली.

ड्राइव्ह घुरघुरत राहिला. पडद्यावर काही येईना.

"बघितलंस? डुप्लिकेट!" चाचा गरजले.

खरं सांगतो, मलाही शंका आली. मुंबईच्या व्यापाऱ्याने मलाच तर गंडवलं नाही? स्कूटर काढून दुकानातून दुसरा ड्राइव्ह आणला. तोही नुसताच घुरघुरला. मग मी सीडी हातात घेतली. खालची चकचकीत बाजू स्वच्छ होती. उलटी केली, तर मधल्या भोकापासून कडेपर्यंत ठसठशीत कोरलेलं: सकिना.

"हे कधी केलंत?"

"काल. दाभणाने. गाण्यांच्या सीड्यांवर चित्रं असतात, ही कोरी. तू दुसरी ठेवलीस तर मला कळणार कसं? घरातल्या सगळ्या भांड्यांवर तिचं नाव आहे, हिच्यावरही घातलं. चकचकीत बाजूला हात नाही लावला हां. तेवढं कळतं मला."

मी सीडी खिडकीशी धरली. अक्षरांमधून उजेड आरपार येत होता. आवाज असतो तो त्या वरच्याच पातळ पापुद्र्यात, खाली नुसतं प्लास्टिक. तोच दाभणाने खरवडला गेला होता. हे यांना सांगायचं कुठल्या तोंडाने?

सांगावं लागलंच नाही. चाचांनी सीडी माझ्या हातातून घेतली, स्वतः उजेडात धरली, एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. मग हळूच खुर्चीत बसले.

"रूपेश, तुझा ड्राइव्हच डुप्लिकेट आहे. बोल."

मी ड्राइव्हची वायर काढून गुंडाळायला लागलो.

"बोल ना रे बाबा."

"होय चाचा," मी म्हटलं, "डुप्लिकेटच आहे. फसवलं मी तुम्हाला."