अर्थसरांचे लाल शेरे

अर्थसर रोज सकाळी पहिल्या तासाच्या आधी बादलीभर पाणी जमिनीत ओतायचे. मशीन लॅबच्या मागे एक चौकोनी खड्डा होता, त्यावर सिमेंटचं झाकण. सर स्वतः ते झाकण सरकवायचे, नळाखाली भरलेली निळी बादली सावकाश आत रिकामी करायचे आणि थोडा वेळ वाकून बघत राहायचे. मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा हॉस्टेलला टँकर दिवसाआड यायचा. केस धुवायचे की कपडे, यावर आमच्या खोलीत भांडणं व्हायची, आणि खिडकीतून हे दृश्य दिसायचं. एकदा आम्ही तिघी तक्रार घेऊन गेलो. सर म्हणाले, "तुमाला तहान लागली की तुमी बोलता. त्याला बोलता येत न्हाई." तो म्हणजे कोण, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. आम्ही परत आलो आणि रात्रीच्या जेवणापर्यंत त्यावर वाद घालत बसलो.

तो खड्डा अर्थिंगचा होता. यंत्राच्या लोखंडी अंगात वीज उतरली तर तिला जमिनीत घेऊन जाणारी तार तिथे पुरलेली असते. जमीन कोरडी पडली की वीज नीट जिरत नाही, म्हणून पाणी घालायचं. एवढं साधं वाक्य सरांनी आम्हाला अख्ख्या सत्रात सांगितलं नाही; मला ते पुस्तकात सापडलं. अर्थिंगला आमच्याकडे वायरमनपासून प्राध्यापकांपर्यंत सगळे नुसतं 'अर्थ' म्हणतात, आणि सरांच्या तोंडी दिवसभर तेवढाच शब्द असायचा, म्हणून ते अर्थसर. माझ्या वडिलांना बरेच दिवस वाटत होतं की इंजिनिअरिंगला आता अर्थशास्त्रही शिकवतात.

सर मूळचे सिरसाळ्याचे. आम्हाला ते स्विचगिअर आणि प्रोटेक्शन शिकवायचे, म्हणजे बिघाड झाल्यावर वीज आपोआप कशी तोडायची ते. तासाच्या शेवटी खडू खाली ठेवून विचारायचे, "अर्थ लागला का?" वर्ग एका सुरात म्हणायचा, "हो सर." मग सर चष्म्यावरून बघायचे. "कुठं लागला?" आता याला काय उत्तर द्यायचं? डोक्यात लागला म्हणावं, की फळ्यावरच्या आकृतीत बोट दाखवावं? पहिल्या बाकावरचा एक मुलगा एकदा धीर करून म्हणाला, "न्यूट्रलला, सर." सर त्याच्याकडे बघतच राहिले आणि हजेरीपट घेऊन निघून गेले. तो बरोबर होता की चूक, हे त्या बिचाऱ्याला पास झाल्यावरही कळलं नसणार.

तसं शेवटचं वर्ष एकूणच मला कळत नव्हतं. मी उमापूरची. गावात मी इलेक्ट्रिकलला गेले म्हणजे आता घराघरातले मिक्सर मीच दुरुस्त करणार, अशी सगळ्यांची खात्री. सुट्टीत गेले की शेजारच्या काकू पंखा काढून आणून ओट्यावर ठेवायच्या. आणि मी शिकत काय होते? तीन फेजमधला बिघडलेला करंट घ्यायचा आणि त्याचे कागदावर तीन नीटनेटके भाग करायचे. हे भाग तारेत शोधायला गेलं तर वेगवेगळे दिसत नाहीत, पण त्यांची बेरीज खरी असते. काम न करणारी एक पॉवर असते, आणि ती नसेल तर काम करणारीही पोचत नाही. मी एकदा सरांना म्हटलं, "सर, मला साधा पंखा दुरुस्त करता येत नाही." ते म्हणाले, "पंखा वायरमन करंल. तू तो कावून बंद पडला ह्याचं गणित कर. गणित होस्तवर पंखा बंदच ऱ्हातो, तेवढं ध्यानात ठेव." मला धीर दिला की टोमणा मारला, कुणास ठाऊक. काकूंचा पंखा मात्र त्या उन्हाळ्यात ओट्यावरच राहिला.

एकदाच त्यांचं बोलणं मला लख्ख समजलं. कुणीतरी विचारलं, अर्थ नसेल तर बिघाडाचा करंट कुठे जातो? सर फळा पुसत होते. पाठमोरेच म्हणाले, "मग तो मानसाच्या अंगातून जातो." आणि पुसत राहिले.

सरांची दुसरी खोड म्हणजे लाल पेन्सिल. आमचे रिपोर्ट इंग्रजीत, पण सरांचा शेरा मराठीत आणि दोन-तीन शब्दांत. "फॉल्ट कुठे?" "लोड जास्त." एका मुलाच्या रजेच्या अर्जावरही त्यांनी "लोड जास्त, मंजूर" असं लिहिलं होतं. शेऱ्याबद्दल विचारायला गेलं की म्हणायचे, "लिव्हलंय की." त्यामुळे आम्ही विचारणं सोडलं आणि अंदाज बांधायला शिकलो.

शेवटच्या सत्रात मी आणि माझ्या वर्गातल्या रेश्माने मिळून प्रोजेक्ट घेतला: वडवणीकडच्या आठ डीपींचं अर्थिंग तपासायचं. डीपी म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. गावात त्याला दुसरं नाव नाही. रीतसर परवानगी काढली, लाइनमनला सोबत घेतलं आणि एप्रिलच्या उन्हात फिरलो. जमिनीत दोन खुंट्या ठोकायच्या, तारा पसरायच्या, यंत्राची मूठ फिरवायची आणि काटा बघायचा. प्रत्येक गावात माणसं गोळा व्हायची. त्यांना वाटायचं आम्ही बोअरसाठी पाणी बघतोय. एका म्हाताऱ्या बाबांनी घरातून नारळ आणून माझ्या हातावर ठेवला. "माय, आमच्या रानात बी एक डाव ठोक की खुंटी." मी सांगितलं, बाबा, हे पाण्याचं यंत्र नाही, विजेचं आहे. ते म्हणाले, "जमिनीत वीज लागली तरी चालंल. वरून तर येतच न्हाई."

सहा नंबरची डीपी बाजाराच्या गावातली. गावाचं नाव सांगत नाही. तिथे मूठ फिरवली आणि काटा थेट टोकाला जाऊन बसला. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. लाइनमन म्हणाला, "मशीन तापलं म्याडम तुमचं." आम्हीही तापलो होतो. मी वहीत लिहिलं, 'काटा पूर्ण, यंत्राचा दोष असावा', आणि आम्ही पुढच्या गावाला गेलो.

आता इथे माझं काय पणाला लागलं होतं तेही सांगते. एका पवनचक्कीच्या कंपनीने मला निवडलं होतं. अट एकच, जूनमध्ये पूर्ण निकाल हवा. आमच्या घराण्यात नोकरीला निघालेली मी पहिली मुलगी. पत्र वडिलांनी देव्हाऱ्यात ठेवलं होतं. पेपर सोपे गेले होते. राहिली होती फक्त प्रोजेक्ट रिपोर्टवर अर्थसरांची सही.

पहिला मसुदा परत आला. आठ आकड्यांच्या तक्त्याशेजारी लाल अक्षरात, "अर्थ नाही." मी मान डोलावली. खरंच नव्हता; सात आकडे शहाण्यासारखे आणि सहावा वेड्यासारखा. मी बाकीच्या सातांची सरासरी काढली आणि सहाव्या रकान्यात लिहून टाकली. तक्ता कसा छान दिसायला लागला. दुसरा मसुदा आला: "अर्थ नाही. आधी अर्थ बघा." मी रात्रंदिवस एक करून प्रस्तावना लिहिली, अर्थिंगचं महत्त्व लिहिलं, समारोप लिहिला. चाळीस पानं वाढली. तिसरा मसुदा आला: "अर्थाशिवाय सही नाही."

तोवर तीन आठवडे गेले होते. रिपोर्ट जमा करायची शेवटची तारीख शुक्रवार. गुरुवारी सकाळी रेश्माला म्हटलं, तू जाऊन बाइंडिंग करून घे, मी सही आणते. आणि तडक खड्ड्यापाशी गेले. सर पाणी ओतत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी शिक्षकांवर ओरडले. "सर, कशाला अर्थ नाही ते एकदा तोंडानं सांगा! चाळीस पानं अर्थ लिहिलाय मी. अजून किती लिहू?"

सरांनी बादली खाली ठेवली. चेहरा पार गोंधळलेला. "लिव्हून कसा लागंल अर्थ? अगं माय, सहा नंबरच्या डीपीला अर्थच न्हाई. तार तुटली असंल खाली. तीनदा लिव्हून दिलं तुला."

"मला वाटलं रिपोर्टला अर्थ नाही."

"रिपोर्टला कावून अर्थ लागतो?"

हे त्यांनी अगदी मनापासून विचारलं. मग त्यांचा आवाज उतरला. "म्हंजे तू लाइनमनला दुरुस्त कराया सांगितलंच न्हाईस?" मी नाही म्हटलं. "आज गुरुवार ना? बाजार हाय तिथं."

त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी गेले. डीपीच्या लोखंडी कुंपणाला शेळ्या बांधलेल्या. खांबाला पाठ लावून एक मावशी कोथिंबिरीवर पाणी शिंपडत बसलेल्या, खाली ओलं पोतं. सर स्कूटर तशीच सोडून धावले. "उठा माय, उठा, हितून उठा!"

"कावून?" मावशी जागच्या हलेनात. "दर बाजारी हितंच बसतो आमी."

"हितं बसू नका. अर्थ न्हाई हितं!"

"अर्थ नसंना का," मावशी म्हणाल्या, "गिऱ्हाईक हाय की!"

आसपासचे सगळे हसले. सर मात्र थांबले आणि माझ्याकडे वळून बघितलं. माझ्या चाळीस पानांचं काय झालं असेल ते त्यांना तेव्हा कळलं असावं. मग ते मावशींशेजारी उकिडवे बसले आणि शांतपणे, एकेक शब्द सुटा करून बोलले. "मावशी, ह्या खांबात करंट उतरला तर तो जमिनीत जायाची तार तुटलीय. मग तो तुमच्यातून जाईल." मावशी टोपलीसकट उठल्या. चार महिन्यांत सरांनी कुणाला इतकं सरळ काही सांगितल्याचं मी ऐकलं नव्हतं.

लाइनमन आला, वीज बंद केली, खणलं. वीतभर खाली अर्थिंगची लोखंडी पट्टी गंजून तुटलेली होती. नवी पट्टी आणि ओल टिकायला कोळसा, मीठ घालून खड्डा बुजवला, आणि सरांनी मावशींच्या कोथिंबिरीचं उरलेलं पाणी मागून त्यावर ओतलं. दुपार उलटून गेली. कॉलेजला आलो तर रेश्मा बांधलेला रिपोर्ट घेऊन दारात उभी. सहाव्या रकान्यात माझी सुंदर सरासरी छापलेली. सर म्हणाले, "खोड ते. खरं लिव्ह." मी पेनने खोडलं आणि लिहिलं, 'अर्थिंग ब्रोकन'. त्यांनी लगेच सही केली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तक्ता बघितला, मग पुढचे आलेख बघितले, सगळे त्या खोट्या आकड्यावर उभे. "हे काय आहे?" मी सांगायला लागले आणि सांगता सांगता मलाच ते पटेना. त्यांनी शेरा दिला, 'दुरुस्त करून पुढच्या सत्रात सादर करावे.' आम्हा दोघींचा जूनचा निकाल अडकला, माझी कंपनी थांबली नाही. वडिलांनी पत्र देव्हाऱ्यातून काढलं आणि कुठे ठेवलं ते मला सांगितलं नाही.

मी सरांवर फार चिडले होते. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या निरोप समारंभालाही गेले नाही. रेश्मा गेली होती. तिने सांगितलं की त्या गुरुवारनंतर सरांनी लाल पेन्सिल टाकूनच दिली. मुलांना समोर बसवून बोलायचे. प्रत्येक वेळी, "अर्थ म्हंजे अर्थिंग बरं का," असं आधी बजावायचे, अर्थिंगचा विषय नसला तरी. हे ऐकून मला हसू आलं आणि मग रडूही आलं. चिडणं तरी नीट जमायला हवं होतं, तेही जमेना. त्यांनी तोंडाने सांगितलं असतं तर? मी आकडा बनवला नसता तर? त्या तीन आठवड्यांत तिथे बाजार भरतच होते. काही झालं नाही, हे नशीब. पण सर घाई करून तिथे गेले नसते तरीही काही झालं नसतं का, हे कोण सांगणार?

पुढे मी पास झाले, परीक्षा देऊन विजेच्या एका उपकेंद्रात नोकरीला लागले. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी बीडच्या बसस्टँडवर सर भेटले. खांद्याला पिशवी, परळीच्या गाडीची वाट बघत होते. ओळखलं. नोकरी विचारली, रेश्माचं विचारलं. मग पिशवी खाली ठेवून म्हणाले, "तुला एक विचारायचं होतं. तुझं वरीस माझ्यामुळं गेलं का गं माय? मी लई इचार केला. मला काय उलगडत न्हाई."

नाही म्हणावंसं वाटलं. हो म्हणावंसंही वाटलं. "माहीत नाही, सर," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "बरं झालं," ते म्हणाले. "मला वाटलं मलाच तेवढं माहीत न्हाई." आम्ही दोघंही हसलो, स्टँडवरची माणसं वळून बघण्याइतके. गाडी लागली. खिडकीशी बसल्यावर त्यांनी पुन्हा एकदा मान हलवली, माहीत नाही अशी, आणि मीही हलवली.

पावसाळा संपता संपता रेश्माचा फोन आला. सर गेले. झोपेतच गेले म्हणे.

तो प्रश्न मी अजून कधी कधी काढून बसते. पूर्वी त्याचं उत्तर आम्हा दोघांना माहीत नव्हतं. आता ते मला एकटीलाच माहीत नाही.