इंजिनाचा एकविसावा दिवस

गॅस एजन्सीत त्याला सगळे इंजिन म्हणत. बत्तीस वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरांत गॅसच्या नळ्या जोडणारा फिटर, आणि तोंडातला धूर कधी बंद नाही, मग दुसरं काय म्हणणार? "अरे, गॅसच्या कामात सिगारेट?" असं कोणी टोकलं तर हा उलट शेखी मिरवायचा. जोडणी झाली, साबणाचा फेस लावून सांधे तपासले, की तो शेगडी पेटवायचा, त्याच जाळावर सिगारेट शिलगावायचा आणि घरच्या बाईला म्हणायचा, "ही आपली सही. आता बिनघोर स्वयंपाक करा." बायका हसायच्या आणि खरंच बिनघोर व्हायच्या. काही घरं तर एजन्सीला बजावून सांगत, तो सिगारेटवालाच पाठवा.

असा हा निर्धास्त गडी साठीला टेकता टेकता भित्रा झाला, आणि त्याला भित्रा केलं सात महिन्यांच्या नातीने. नात न्यूमोनियातून उठली होती. दवाखान्यातून घरी आणली त्या दिवशी तिला उचलायला तो वाकला, तर त्याच्या मुलीने मध्ये हात घातला.

"बाबा, राग मानू नका. तुमच्या शर्टाला, मिशांना, बोटांना वास येतो. डॉक्टरांनी बजावलंय. तीन आठवडे एकही न ओढता काढा, मग खुशाल घ्या. तोवर हात लावायचा नाही."

"मी तीस वर्षं कपाळ फोडलं तेव्हा नाही ऐकलंत," त्याची बायको म्हणाली. "आता बसा."

तो खरंच बसला. पहिल्या आठवड्यात त्याला कशाकशाची भीती वाटली म्हणून सांगू? तिसऱ्या दिवशी एका इमारतीचा जिना चढताना छाती अशी धडधडायला लागली की आता संपलं असं समजून तो पायरीवर बसला आणि खिशात घरचा पत्ता लिहिलेला कागद आहे का ते चाचपू लागला. चौथ्या दिवशी पाना हातातून निसटून खाली पडला. घरातल्या गॅलरीतल्या खुर्चीला तो घाबरू लागला, कारण तिथे बसलं की हात आपोआप खिशाकडे जाई. लायटर त्याने जुन्या बुटात लपवला आणि मग तो कुठे आहे हे आपल्याला माहीत आहे, याचीच त्याला धास्ती. सिगारेटने माणूस मरतो म्हणतात, पण आपण ती सोडल्याने मरणार, अशी त्याची पक्की खात्री झाली होती. न्हाणीघरात नळ सोडून तो एकदा रडलासुद्धा. बायकोला कळलं. ती टॉवेल दाराला अडकवून गेली.

आठव्या दिवसापासून नवंच सुरू झालं. त्याला वास येऊ लागले. लोखंडाचा, ओल्या भिंतीचा, बायकोच्या डोक्याच्या तेलाचा. डॉक्टर म्हणाले, "नाक इतक्या वर्षांनी जागं होतंय. थोडे दिवस वेड्यासारखं वागेल, मनावर घेऊ नका." पण त्याने ते नेमकं मनावरच घेतलं. कारण नाक आता जागं होतंय, तर मग इतकी वर्षं ते झोपलं होतं! इतक्या घरांत आपण काडी ओढली ती कशाच्या भरवशावर? या विचाराने त्याचं धाबं दणाणलं. तो प्रत्येक घरात शिरताच हुंगू लागला.

नवव्या दिवशी एका घरात त्याला गॅसचा वास आला. त्याने आरडाओरडा करून चार मजले रिकामे केले, म्हाताऱ्यांना खुर्चीसकट खाली आणवलं. शेवटी सिलिंडरमागे सडलेला अर्धा कोबी निघाला. चौदाव्या दिवशी दुसऱ्या इमारतीत तेच, आणि या वेळी निघालं तुंबलेलं गटार. एजन्सीत हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. मालक मात्र हसला नाही. "पुन्हा असं झालं तर तुम्ही घरीच बसा," तो म्हणाला. "ग्राहक घाबरतात." त्या दिवसापासून इंजिनाला गॅसची भीती होतीच, वर स्वतःच्या नाकाचीही बसली.

एकविसावा दिवस रविवारचा होता. सकाळी आंघोळ करून, नवा शर्ट घालून तो मुलीकडे गेला. कामाची पिशवी स्कूटरला अडकवलेलीच होती. मुलीने बापाची बोटं हुंगून पाहिली, शर्ट हुंगला आणि हसून म्हणाली, "पास."

मुलीच्या घरात बसायची खोली आणि स्वयंपाकघर एकच, मध्ये भिंत नाही. नात ओट्यापासून दोन हातांवर सतरंजीवर पालथी पडून एक चमचा चोखत होती. उचलण्याआधी तिच्याशी जरा ओळख करून घ्यावी म्हणून तो तिच्याशेजारी जमिनीवर आडवा झाला, गाल सतरंजीला टेकवून. आणि त्याने पुन्हा एकदा हुंगलं.

वास. पुसट, पण तोच.

सिलिंडरचा गॅस जड असतो, तो खाली बसतो. उभ्या माणसाला कळतही नाही, आणि रोज राहणाऱ्याच्या नाकाला तर आपल्या घराचा वास येतच नाही. तो झटक्याने उठला, नातीला छातीशी धरलं आणि दाराबाहेर धावला. एकवीस दिवस ज्याची वाट पाहिली ते पहिलं उचलणं हे असं झालं. नातीने भोकाड पसरलं.

"खिडक्या उघडा! बटणाला कोणी हात लावू नका!"

जावयाचा हात पंख्याच्या बटणापाशी पोचलाच होता, तो तिथेच थबकला. नातीला मुलीकडे देऊन, मागच्या गॅलरीत जाऊन इंजिनाने सिलिंडर बंद केला. मुलगी जिन्यात नातीला थोपटत उभी होती. तिला आणि जावयाला कोबीची गोष्ट माहीत होती, गटाराचीही.

"बाबा," जावई जपून म्हणाला, "लांडगा आला रे आला, असं तर नाही ना होत?"

"बाबा, ही जोडणी तुमचीच आहे," मुलगी म्हणाली. "सहा वर्षांपूर्वी याच शेगडीवर सिगारेट पेटवून तुम्ही सही केलीत. डॉक्टर म्हणालेत ना, नाक फसवतं?"

घर हवेशीर झाल्यावर सिलिंडर उघडून त्याने वाटीत साबण कालवला आणि ब्रशने दिसतील तेवढे सगळे सांधे माखले. गॅलरीतला, शेगडीजवळचा, ओट्याखालचा. एकही बुडबुडा नाही. जावयाने मुलीकडे पाहिलं. मुलीने खाली पाहिलं.

आणि मग त्याला तो न दिसणारा सांधा आठवला.

सहा वर्षांपूर्वी मुलीने हे घर घेतलं तेव्हा तिला ओट्याखालच्या भिंतीच्या पांढऱ्याशुभ्र फरशांवरून तांब्याची नळी गेलेली नको होती. "बाबा, माझ्यासाठी," एवढंच ती म्हणाली. त्याने भिंत कोरून नळी आत घेतली, आणि ती वीतभर कमी पडली. भिंतीत घालायची नळी अखंडच हवी, भिंतीत सांधा कधी ठेवायचा नाही, हा धंद्यातला पहिला नियम. नवी नळी दुसऱ्या दिवशी मिळाली असती. पण गवंडी खोळंबला होता, लेक खुशीत होती. त्याने तुकडा जोडला, वरून फरशी बसवून घेतली, आणि ते विसरून गेला.

पिशवीतून त्याने गॅसचा दाब मोजणारं प्रेशर गेज काढलं, शेगडीची रबरी नळी सोडवून तिच्या जागी लावलं, नळीत गॅस भरला आणि सिलिंडर बंद केला. नळी धड असेल तर काटा हलणार नाही. दहा मिनिटं थांबायचं.

ती दहा मिनिटं तो आयुष्यात विसरणार नव्हता. सिगारेटची तल्लफ अशी उसळली की दात दातांवर आपटू लागले. काटा हलला नाही, तर आपण वेडे झालो, आता नोकरीही गेली आणि नातही गेली. हलला तर? त्याहून वाईट. काटा हलू नये आणि हलावा, अशा दोन्ही मागण्या तो एकाच वेळी मनात करत होता. पाचव्या मिनिटाला त्याला काटा खाली सरकल्यासारखा वाटला. आता त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास उरला नव्हता.

"तुम्ही बघा," तो जावयाला म्हणाला. "मी काही सांगणार नाही. तुम्हीच सांगा."

जावई गुडघ्यांवर बसला. बराच वेळ बघत राहिला. दहा मिनिटं झाली तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"उतरलाय," तो म्हणाला. "चांगला दोन रेघा खाली उतरलाय, बाबा."

इंजिनाने भिंतीच्या त्या फरशीवर तळहात ठेवला आणि सगळं सांगितलं. वीतभर कमी पडलेली नळी, तुकडा, गवंडी. मुलगी दारात येऊन ऐकत होती. तिची नजर सतरंजीवर गेली, तिथून ओट्याखालच्या फरशीवर, आणि तिने नातीला इतकं घट्ट धरलं की ती पुन्हा रडू लागली.

"बत्तीस वर्षं काम करताय," ती कापऱ्या आवाजात म्हणाली. "असे सांधे आणखी किती घरांत आहेत, बाबा?"

"एकाही नाही," तो म्हणाला. "परक्याच्या घरी मी असं कधीच केलं नसतं."