सिंकच्या कडेची रेघ

माझ्या सासूबाईंना स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. जेवतानासुद्धा त्यांचं एक बोट ताटाबाहेर टेबलावर फिरत असतं. "आई, ते टेबल आहे, गिऱ्हाइकाचा ओटा नाही," असं माझा नवरा म्हणतो. मग त्या बोट मागे घेतात आणि पुढच्या घासाला पुन्हा सुरू.

धंदा आमचा ग्रॅनाइटचा. नवरा ओट्याला सिंकसाठी आणि शेगडीसाठी भोकं कापतो. कापताना मशीन जरा घसरलं की काळ्या दगडावर पांढरी रेघ उठते, आणि ती घालवायचं काम सासूबाईंचं. लेकाने करून ठेवायचं आणि आईने निस्तरायचं, हे तो रांगत होता तेव्हापासून चालू आहे, असं त्या चारचौघांत सांगतात.

रेघ जाते ती घासून. आधी घासायच्या मशीनला खरखरीत चकती, मग त्याहून बारीक, मग आणखी बारीक, आणि सगळं पाणी घालत घालत. प्रत्येक चकतीनंतर दगड कोरडा पुसून बोट फिरवायचं. ओला दगड लबाड, तो सगळं झाकतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवून चालत नाही. बोटाला रेघ लागेनाशी झाली की थांबायचं. नाही थांबलं तर दगडाला खळगा पडतो, आणि मग वर कितीही चकाकी आणा, खळगा तो खळगाच.

गेल्या काही महिन्यांत त्यांची चुळबुळ फारच वाढली होती. झालेल्या कामांवर त्या पुन्हा पुन्हा जायच्या. "इथूनच चालले होते," म्हणत कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरायच्या आणि भांडी बाजूला सारून ओट्याकडे तिरक्या नजरेने बघत राहायच्या. एका बाईंनी तर मला फोनच केला, "तुमच्या सासूबाई माझ्याकडे नेमकं काय शोधतात हो?"

मला ठाऊक होतं, पण सांगायची सोय नव्हती. एकदा त्यांनी गरम पातेलं फडक्याशिवाय उचललं. बोटाला फोड आला, तो मी दाखवला तेव्हा त्यांना कळला. वर्षानुवर्षं ते घासायचं थरथरतं मशीन धरून बोटं बधिर झाली होती, म्हणून कुठे रेघ राहून तर गेली नाही ना, हे त्या घरोघरी बघत होत्या. मी डॉक्टरांचं नाव काढलं तर माझ्यावरच उसळल्या, "मला घरात बसवायचा बेत दिसतोय तुझा! एकदा बसले ना, तर परत उठायची नाही मी." वर नवऱ्याला न सांगण्याची तंबी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मग एक दिवस नवरा दुसऱ्या कामावर गेला, म्हणून पाणी घालायला मी त्यांच्याबरोबर गेले. घर नवंकोरं, आणि सिंकच्या कडेला चांगली वीतभर रेघ. घरमालकीण दारातच उभी. सासूबाईंनी घासलं, पुसलं, बोट फिरवलं. कपाळाला आठी. पुन्हा घासलं. मग दुसरं बोट लावून पाहिलं, मग दुसरा हात. पुसल्यावर मला दिसत होतं, रेघ गेली होती. पण परक्या बाईसमोर सासूला थांबवायचं कसं? तेवढ्यात मी घातलेलं पाणी वाहून न जाता तिथेच साचू लागलं.

"आई, थांबा!" मी ओरडले.

त्यांनी मशीन बंद केलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी दोन पावलं मागेच सरले.

"रेघ केव्हाच गेली. आता खळगा पडतोय."

त्यांनी बोट टेकवलं. मग अख्खा तळहात. त्यांना काहीच लागत नव्हतं. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. शेवटी त्या मालकिणीकडे वळल्या.

"ताई, माझ्या हातून जास्त घासलं गेलंय. आजूबाजूचा दगड जरा खाली आणावा लागेल. वेळ जाईल."

"पण सारखं होईल ना?"

"होईल," त्या म्हणाल्या, पण आवाजात दम नव्हता.

खळग्याभोवतीचा दगड त्यांनी हलक्या हाताने घासायला घेतला. थोड्या वेळाने ओटा कोरडा केला, माझं मनगट धरलं आणि माझी बोटं दगडावर टेकवली.

"सांग. आणि माझं मन राखायला जाऊ नकोस."

मी डोळे मिटले. बोटाखाली उतार लागत होता, अगदी पुसट. झालं म्हटलं असतं तर त्यांचा चेहरा खुलला असता, आणि मलाही तेच हवं होतं.

"अजून आहे," मी म्हणाले. "डावीकडे."

आता भडका उडणार असं मला वाटलं. त्यांनी नुसती मान हलवली, डावीकडे घासलं, पुसलं आणि मला जागा देऊन बाजूला सरकल्या. मी पुन्हा बोट ठेवलं. मशीन हातात धरून त्या माझ्या उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या.