झिरो लाइनवरचं पाणी

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पूर्वेकडच्या सीमेवर एका चौकीत नाईक होतो. मी सिन्नरचा, माझा जोडीदार, लान्स नाईक हिरामण, सुरगाण्याच्या डोंगरातला. सबंध कंपनीत मराठी बोलणारे आम्ही दोघेच. सिन्नरकरांना विड्या वळण्यापलीकडे काय येतं, असं तो मला रोज विचारायचा.

पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर सज्ज, सहाला गस्त, असा आमचा दिवस. त्या आठवड्यात गस्त बंद होती. आपण घुसखोर म्हणून परत धाडलेली तीसेक माणसं पलीकडचे घेईनात. ती तीन दिवस झिरो लाइनवर, दोन देशांमधल्या पडीक शेतात बसून होती. एरवी ईदला तिकडून मिठाई यायची, दिवाळीला आपली जायची. आता फ्लॅग मीटिंगला दोन्हीकडचे साहेब एकमेकांचा चहाही घेईनात. ऑर्डर साफ होती: पाणीसुद्धा द्यायचं नाही. जो पाजेल, त्याच्या गळ्यात ती माणसं पडणार.

चौथ्या दिवशी सकाळी नऊला त्यांतली एक बाळंतीण आडवी झाली, ती उठेना. हिरामणनं रायफल माझ्या हातात दिली आणि पाण्याचा कॅन उचलला.

"ऑर्डर ऐकलीस ना?" मी म्हणालो.

"दादा, दिवाळी झाली का आमी सगळं घर घेऊन नाशकाला द्राक्षाच्या कामाला जायचो. वाटंत पानी मागलं तर कुनी गाव नाय इचारलं."

मी त्याला अडवायला हवं होतं. ती बाई मरू नये असं मलाही वाटत होतं, म्हणून अडवलं नाही.

कंपनीकडून वायरलेस खरखरला. "तुमचा माणूस पुढे का? मागे बोलवा. ओव्हर."

मी बटण दाबेपर्यंत एक फायर झाला. नऊ वाजून वीस मिनिटं. हिरामण बाईपर्यंत पोचण्याआधीच शेतात पडला, कॅनमधलं पाणी मातीत गेलं.

गोळी आमची नव्हे, असं दोन्ही बाजूंनी लिहून दिलं. त्याचा देह अर्ध्या तासात मिळाला. माणसं आणखी दोन दिवस तिथंच होती. तिसऱ्या सकाळी शेत रिकामं दिसलं. ती सगळी माणसं कुठं गेली, मला आजवर कळलेलं नाही.

आता मी नाशकात असतो. पेठ नाक्यावर डोंगराकडचे मजूर उतरतात, तेव्हा उगाच थांबतो, चेहरे बघतो. हिरामणची फार आठवण येते.

त्याच्या घरी गेलो तेव्हा शौर्य, कर्तव्य असं बरंच पाठ करून गेलो होतो. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "त्या बाईनं पानी पेलं का?"

"पेलं, आई. मी पाहिलं."

तेव्हा ती रडली, आणि मीही.