ओल्या हाताची मूठ

मूठवाल्यांच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की आधी त्याला हात धुवायला लावतात, पण पुसू देत नाहीत. साबणाच्या, ठिबकत्या हातानेच सुरी धरून पाहायची, मग पुढचं बोलणं. लोकांना वाटतं, म्हातारा सरकलाय. पण या विक्षिप्तपणामागे त्यांची थोरली बहीण आहे.

सुऱ्यांना मुठी बसवणं हा त्यांचा जन्माचा धंदा. लाकूड पाण्याने फुगतं, तडकतं, म्हणून ते त्यांनी केव्हाच सोडलं. जाड कापडाचे तुकडे रेझिन या चिकट रसायनात भिजवायचे, एकावर एक रचायचे आणि शिकंज्यात आवळून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी अशी टणक लादी हाती येते की कानशीने घासताना नाकी नऊ येतात. तिची मूठ आपटा, उकळत्या पाण्यात टाका, ती ढिम्म. इथवर सगळं ठीक होतं. पण मूठवाल्यांना चकाकीचं भारी वेड. मुठीत स्वतःच्या मिशा दिसेपर्यंत पॉलिश केल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे.

ताई एका मोठ्या कॅन्टीनमध्ये भाजी चिरायची. आजारपणानंतर तिच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटेनात आणि सुरी हातातून सुटू लागली. मुख्य आचारी म्हणाला, "शनिवारपर्यंत बघतो, मावशी. नाही जमलं तर भांड्यांकडे जा." चिरायच्या टेबलावर तीस वर्षं तिचं राज्य होतं. हे बोलणं तिच्या जिव्हारी लागलं.

भावाने तिच्या पकडीचा ठसा मेणात घेतला. न मिटणाऱ्या बोटांना टेकायला फुगवटा ठेवला. तीन दिवस खपून मूठ केली आणि सवयीप्रमाणे लखलखीत चमकवली. ताईने ती दुकानातच धरून पाहिली, तीही कोरड्या हाताने.

"झकास बसली रे," ती म्हणाली.

शुक्रवारी स्वारी कौतुक ऐकायला कॅन्टीनमध्ये हजर झाली. ताई टोमॅटो चिरत होती आणि त्या देखण्या मुठीला चिंधी गुंडाळलेली होती.

"हे काय गं?"

"काही नाही. जरा सरकते," ताई नजर चुकवत म्हणाली.

मागून आचारी बोलला, "चिंधी इथे चालत नाही. मावशींना सांगून थकलो."

मूठवाल्यांनी चिंधी सोडली, टोमॅटोच्या रसात हात बुडवला आणि सुरी धरली. ती साबणाच्या वडीसारखी निसटली. उभ्या आयुष्यात शेकडो मुठी केल्या, पण स्वतःची एकही मूठ त्यांनी ओल्या हातात धरली नव्हती. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

सँडपेपर त्यांच्या खिशात कायम असायचा. मागच्या पायरीवर बसून त्यांनी तीन दिवसांची चकाकी अर्ध्या तासात उतरवली. आतल्या कापडाची वीण वर आली. मूठ आता पायपुसण्यासारखी दिसत होती.

ताईने हात ओला केला, वर तेलही लावलं. तीन बोटं मिटली आणि सुरी जागची हलली नाही. बघता बघता टोमॅटोचा क्रेट रिकामा झाला. आचाऱ्याने कांद्यांचं पोतं तिच्याकडे सरकवलं.

"उद्यापासूनही इथेच, मावशी," तो म्हणाला आणि गेला.

मूठवाल्यांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच रागही आला.

"पहिल्याच दिवशी का नाही बोललीस?"

"किती हौसेने केली होतीस तू."

"आणि बोट कापलं असतं म्हणजे?"

ताईने डावा हात उलटा करून दाखवला. अंगठ्यावर एक पट्टी होती, तर्जनीवर दुसरी.

"कापलं की," ती म्हणाली आणि तिने पुढचा कांदा घेतला.